गनीभाईंचा गुडघा आणि मंगनीचं जेवण

आखातातल्या मीना सलमान बंदराच्या गोदामात गनीभाईंच्या सल्ल्यावाचून कुणाचं डोकंही दुखत नसे. कुणी शिंकलं की यांची व्हॉइस नोट हजर. अशाच एका नोटेच्या नादात झिंजच्या सिग्नलला त्यांनी समोरच्या पिकअपला गाडी ठोकली. पिकअपला ओरखडा नाही, गनीभाईंचा गुडघा मात्र डॅशबोर्डवर आपटून सुजला.

हाड शाबूत होतं. फिजिओथेरपिस्ट म्हणाला, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती रोज गुडघ्याने दाबा. गनीभाईंना तो अपमान वाटला. त्यांना असा इलाज हवा होता की मेहनत दुसऱ्यानेच करावी.

तसा तो सीफच्या एका क्लिनिकमध्ये मिळाला. तिथे अ‍ॅक्युपंक्चरच्या जागांवर जडीबुटीच्या अर्काची इंजेक्शनं देत. एरवी सुईला टरकणारे गनीभाई जडीबुटीचं नाव ऐकून पाय पसरून बसले. डॉक्टर सुहा म्हणाल्या, "दर्द शायद कम होगा, लेकिन ताकत एक्सरसाइज से ही आएगी." गनीभाईंनी त्यातला पहिला अर्धा भाग तेवढा गोदामाच्या ग्रुपवर टाकला.

दुखणं जरा उतरलं. सुईने की आपोआप, कोण जाणे. तेवढ्यात मुलाची, ओवैसची, मंगनी आली. मुलीकडचे घरी जेवायला येणार, म्हणजे जमिनीवर अंथरलेलं दस्तरखान आणि एकाच थाळ्यात सगळ्यांचे हात. खुर्चीवर वेगळं ताट घेऊन बसतात ते म्हातारे. दाढीला ताजा कलप लावलेले गनीभाई होणाऱ्या व्याह्यांसमोर म्हातारे ठरायला मुळीच तयार नव्हते.

ते ऐटीत खाली बसले. जेवणं झाली, सगळे हात धुवायला उठले, आणि यांचा गुडघा काही उठेना.

"अजून जरा भात वाढा," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले. भात संपल्यावर हाडं चोखत बसले. ओवैसची मान शरमेने खाली गेली.

रुकय्या आतून टॉवेलची गुंडाळी घेऊन आली आणि तिने ती नवऱ्याच्या गुडघ्याखाली सारली. "दाबा."

"व्याही बघतायत."

"बघू दे. मघापासून तुमचं जेवण बघतायतच."

गनीभाई घाम पुसत दाबू लागले. व्याही वकारभाई जवळ आले. "हे काय?"

"गुडघ्यावर उत्तम उपाय," गनीभाई म्हणाले. "माझाच आहे. बसा, तुम्हालाही शिकवतो."

गुडघ्याने गांजलेले वकारभाई कण्हत कण्हत शेजारी बसले.  रुकय्याने आत जाऊन दोन खुर्च्या आणल्या.