भिंतीवरचा हात

शिवाजी पेठेतल्या आमच्या शाळेत दुपारच्या तासाला पडदे ओढले की वर्ग पाण्याखाली गेल्यासारखा वाटायचा. प्रोजेक्टरच्या उजेडात धूळ सावकाश तरंगायची, शेजारच्या तालमीतले आवाज फार लांबून आल्यासारखे यायचे, आणि मी मागच्या भिंतीला टेकून रिमोटने चित्रं पुढं सरकवत राहायची. मुलांना वाटायचं, बाई मॉडर्न झाल्या. कसलं काय! दोन वर्षांपासून माझा उजवा हात थरथरत होता. फळ्यावर अक्षर वळवळायला लागलं, तसा मी खडू सोडला. शाळेत कुणाला कळू दिलं नव्हतं. जिचं अक्षर दाखवून बाकीचे शिक्षक मुलांना रागवायचे, तिने हे सांगायचं तरी कसं? लाज वाटायची, सरळच सांगते.

यंदा शाळेत नवा कॅमेरा आला. टेबलावरच्या दिव्यासारखी वाकडी मान. तिच्याखाली जे धराल ते भिंतीवर भलंमोठं दिसणार. मुख्याध्यापिकाबाईंनी हौसेने फर्मान काढलं की विज्ञानाच्या बाईंनी फूल प्रत्यक्ष कापून दाखवायचं. विज्ञानाची बाई मीच.

दारातली जास्वंद घेऊन गेले. कॅमेऱ्याखाली ठेवली आणि अख्खी भिंत लाल झाली. पोरांच्या तोंडांवरही तो लाल उजेड पडला. परागकण लाडवाएवढे दिसत होते. त्या फुलात आपण सगळेच उतरलोय असं वाटलं आणि क्षणभर मी हात विसरले.

पाकळ्या काढेपर्यंत निभावलं. मग आतला बीजांडकोश उभा चिरायला ब्लेड उचललं आणि भिंतीवर माझा हात आला. दारापेक्षा मोठा, शिरांसकट, थडथड हलणारा. ब्लेड कोशाच्या कधी अलीकडे, कधी पलीकडे. सगळा वर्ग बघत होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"बाई, मनगट टेकवा की!"

पहिल्या बाकावरची मुलगी होती. हुपरीची, इथं मामाकडं राहून शिकणारी. घरी चांदीचं काम.

"असं अधांतरी धरल्यावर कुणाचाबी हात हालतोय. आमची आई पैंजणाच्या कड्या जाळावर जोडताना ठोकळ्यावर मनगट टेकवती. न्हाईतर भाजंल की."

ती उठून आलीच. भिंतीवर माझ्या हाताशेजारी दुसरा हात आला, नखांना शाई लागलेला, आणि त्याने माझ्या मनगटाखाली कंपासपेटी सरकवली. थरथर थांबली नाही, पण लहान झाली. ब्लेड बरोबर मधून गेलं. आत पांढरी बीजांडं, ओळीत बसलेली, भिंतभर. कुणीतरी हळूच "आयला" म्हणालं. मी रागवले नाही.

मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, फळ्यावर लिव्हत न्हाईसा, ते ह्याच्यामुळंच व्हय?"

पोरांची भाषा सुधारण्यात माझी हयात गेली होती.

"व्हय," मी म्हणाले. डोळे भरून आले, पण अंधार होता.

पडदे उघडायला सांगितले. खडू घेतला आणि फळ्यावर 'बीजांडे' असं लिहिलं, वाकडंतिकडं. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी ते वहीत सरळ ओळीत उतरवून घेतलं.