चार नंबरची टॅली

“ही बया पाण्यात चादर वाळू घालतीय का काय?”

बांधावर बसलेल्या सुमनबाई शेजारणीला विचारत होत्या. मी तिथून पंधरा-वीस हातांवर, कमरेएवढ्या पाण्यात, आडवं पडलेलं शीड दोरीनं वर ओढत होते. काठावर हवालदार सिद्धार्थ ओव्हाळ उभे होते. सुमनबाई त्यांची आई.

“माय, हळू बोल. आमच्या मॅडम हायत त्या.”

“मग मॅडमला म्हणावं, आधी पिळून घ्या.”

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. ते मला चांगलं जमतं.

मी तेव्हा लेफ्टनंट होते. आमच्या युनिटनं धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या वर, बालाघाटाच्या माथ्यावरच्या तलावात दहा दिवसांचा विंडसर्फिंग कॅम्प लावला होता. एक लांब फळी, तिच्यावर शीड, आणि बाकी सगळा वारा. जागा ओव्हाळांनी सुचवली होती. “आमच्या तळ्यावर वारा नुसता वाया चाललाय, मॅडम.” मी धाराशिवची, पण हा तलाव पाहिला नव्हता. इंग्रजी शाळेत शिकलेली, जवानांशी मोजकं बोलणारी. कागदावर इन-चार्ज मी होते. शिकवत होते ओव्हाळ, मलासुद्धा.

सहाला फॉलइन, म्हणजे रांगेत हजेरी. साडेसहाला वारा पाहायचा. त्यासाठी यंत्र होतं, पण ओव्हाळ आधी डोंगरावरच्या पवनचक्क्या पाहत. त्या वाऱ्याकडे तोंड करून उभ्या राहतात. रोज त्यांची तोंडं पश्चिमेला असत.

मग टॅली. स्वयंपाकाच्या ताडपत्रीखाली एक लाकडी फलक टांगला होता. त्यावर प्रत्येकाच्या नंबरची पत्र्याची चकती, एक बाजू लाल, एक पांढरी. पाण्यात जाताना लाल, परत आलं की पांढरी. ज्याची त्यानंच फिरवायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. ओव्हाळांचा नंबर एक. माझा चार.

“माणूस खोटं बोलंल, टॅली बोलत न्हाय,” ते रोज सांगत.

ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. पाचव्या दिवशी मी न पडता तलाव ओलांडला. दुपारी सुमनबाई ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या. माझ्या हातावर भाकरी ठेवत म्हणाल्या, “वाळली का चादर?” मी हसले. जवानांनी मला पहिल्यांदा हसताना पाहिलं असेल.

आठव्या दिवशी तीन वाजता मी एकटी पाण्यात गेले. टॅली लाल केली. सप्टेंबर संपत आला होता. तीन वीसला वारा एकदम पडला. शीड हातात मेलं. मी वर पाहिलं. पवनचक्क्या वळत होत्या. थोड्या वेळात सगळ्यांची तोंडं पूर्वेला झाली. आठ दिवसांत हे घडलं नव्हतं.

मग पूर्वेकडून वारा आला तो ढकलाढकली करतच. मागून काळं आभाळ. मी दोनदा पडले. तिसऱ्यांदा उभी राहिले तेव्हा वाऱ्यानं मला कॅम्पपासून लांब, पश्चिमेच्या काठावर नेऊन टाकलं होतं. वेळ तीन चाळीस. फळी तिथंच झुडपांत बांधली आणि काठाकाठानं अनवाणी चालत निघाले.

चार पाचला कॅम्पवर पोचले. पाऊस सुरू झाला होता. सगळे जवान ताडपत्रीखाली, फलकाजवळ उभे होते. मी चिखलानं माखलेली, ओली, आणि फळी मागं टाकून आलेली. त्यांच्यासमोरून जायची मला लाज वाटली. मी मागच्या बाजूनं तंबूत शिरले. आधी कपडे बदलू, मग टॅली फिरवू.

मी तंबूत असताना ताडपत्रीखाली काय झालं ते नंतर रेडिओच्या लॉगमध्ये वाचलं. बचावाच्या बोटीवर ओव्हाळ होते.

“सेफ्टी बोट, चार नंबर अजून लाल. ओव्हर.”

“चार म्हणजे मॅडम. दिसत न्हाईत. पश्चिमेला जातो. ओव्हर.”

“वारा वाढतोय. ओव्हर.”

“तळं माझं हाय. आउट.”

चार पंधराला मी बाहेर आले. फलकापाशी गेले आणि चार नंबर पांढरा केला. रेडिओवरच्या जवानानं माझ्याकडे पाहिलं. त्यानं सेट उचलला.

“सेफ्टी बोट, चार नंबर परत. ओव्हर.”

उत्तर नाही.

पाण्याखाली बाभळीची जुनी खोडं होती. बोट त्यांतल्या एकावर चढून उलटली. ओव्हाळ चार पन्नासला सापडले. लाइफ जॅकेट अंगावर होतं. मार डोक्याला होता.

चौकशीत मी सगळं लिहून दिलं. आय फेल्ड टु टर्न माय टॅली. खाली सही. मला लेखी ठपका मिळाला. घरच्यांना कळवलं गेलं, बचावकार्यात मृत्यू. तेही खरं होतं.

पाच वर्षांची सेवा करून मी फौज सोडली. या सप्टेंबरात एक जुनी फळी घेऊन त्या तलावावर गेले. वारा पश्चिमेचा होता. दोन फेऱ्या मारल्या. परतले तेव्हा सुमनबाई बांधावर होत्या. केस पांढरे झाले होते.

“सिधूपरीस बरं जमतंय तुला,” त्या म्हणाल्या. तेव्हा मॅडम होते, आता तू. “चल, चहा घे.”

घरात बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी वर्दीतले ओव्हाळ. खाली खिळ्याला पत्र्याची चकती अडकवलेली, एक नंबर. लाल बाजू वर.

“त्याच्या सामानात आली. बिल्ला हाय का कशाचा?” त्यांनी विचारलं. “लाल उठून दिसतंय म्हणून तशीच ठिवली.”

चहा कपात निवत होता. मराठीत हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

“मावशी, पाण्यात गेलेल्या माणसाची चकती लाल असते. परत आलं की आपली आपण पांढरी करायची. त्या दिवशी मी परत आले होते. मी तंबूत होते, मावशी. लाजेपायी माझी फिरवली नाही. ते मला शोधायला गेले.”