कुठे जाऊ नये, ते सांगणाऱ्या रत्नमालाबाई

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या सीमेवरच्या वनखात्याच्या एका नियंत्रण कक्षात रत्नमालाबाई गेडाम यांची आणि माझी पहिली भेट झाली. मी त्यांच्याकडे वाघीण मागायला गेलो होतो. म्हणजे बातमीपुरती. वाघिणीच्या गळ्यात पट्टा होता, पट्ट्यातून येणारा ठिपका बाईंच्या संगणकावर होता, आणि मी दारात दिसताच बाईंनी संगणकाचं तोंड भिंतीकडे वळवलं होतं.

"वाघीण कुठे आहे, बाई?"

"जंगलात."

"कुठल्या?"

"तिच्या. बसा भाऊ, चहा घ्या."

चहा उत्तम होता. पुढे तो मी पुष्कळदा प्यालो. ठिपका मात्र आजतागायत पाहिलेला नाही.

बिनतारी यंत्रावर रुजू झालेल्या बाई पुढे त्या कक्षाच्या प्रमुख झाल्या. आपल्याकडे माहितीचे दोनच प्रकार असतात. गावाला कळू नये ती गोपनीय, आणि साहेबांच्या मेहुण्याला आधीच कळलेली असते ती सार्वजनिक. बाईंनी ही वाटणीच उलटी केली. त्या म्हणत, "ज्याच्या जिवाले धोका, त्याले पयले सांगायचं. ज्याले नुसती हौस, त्याले कायले सांगायचं?"

हे बोलायला सोपं आहे. मोहाची फुलं वेचायच्या हंगामात ते त्यांना महागात पडलं.

वाघीण पिल्लांसह एका गावाच्या नाल्यापलीकडे येऊन बसली होती. पलीकडेच गावाचा निम्मा मोहा. पहाटे फुलं गळतात, बाया वाकून वेचतात, आणि वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. वरून आदेश होता की गावात काही बोलू नका, घबराट होईल. त्याच संध्याकाळी साहेबांचा फोन आला.

"बाई, पाहुणे विश्रामगृहावर आलेत. मोठा कॅमेरा आहे. लोकेशन ग्रुपवर टाका."

त्या ग्रुपवर साहेब होते, रिसॉर्टवाले होते, जिप्सीवाले होते, आणि कोणी आत घेतले ते ठाऊक नाही असेही बरेच होते. त्यांतला एखादा सापळे लावणारा नसेल याची हमी कोण देणार?

"लेखी द्या, साहेब."

"लेखी कशाला? तोंडी सांगतोय ना!"

"मंग माहं उत्तरबी तोंडीच घ्या. नाई."

फोन ठेवला, पासवर्ड बदलला, आणि मग त्यांनी गावातल्या चैतीबाईंना फोन लावला. चैतीबाईंचा शब्द गावात चालतो आणि आवाज शेजारच्या गावातही पोचतो.

"चैतीबाई, उद्या नाल्याच्या पलीकडे कोणी जाऊ नका."

"काऊन? माहा मोहा काय तू येचून देशीन?"

इथे नुसतं 'जंगलात जाऊ नका' म्हणून भागत नाही. घराघराची झाडं ठरलेली असतात, दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही, आणि आपलं झाड सोडून घरी बसायची कोणाची ऐपत नसते. हे बाईंना ठाऊक होतं.

"अलीकडची झाडं उद्यापुरती सगळ्यांनी वाटून घ्या."

"दुसऱ्याच्या झाडाखाली? गाव थुंकीन माह्यावर!"

"थुंकू द्या. थुंकाले गाव तर रायलं पायजे!"

चैतीबाईंनी शिव्या दिल्या आणि झाडं वाटली. सकाळी गावातल्या सगळ्या बाया टोपल्या घेऊन घरी परतल्या. वाघीण पिल्लांना घेऊन पुढे सरकली. पाहुणे मोराचा फोटो घेऊन गेले.

मग बाईंना नोटीस आली. तिच्यात दोन आरोप होते. एक, गोपनीय माहिती फोडली. दोन, माहिती देण्यास टाळाटाळ केली. एकाच बाईने एकाच संध्याकाळी दोन्ही केलं हे कार्यालयाने स्वतःच्या शिक्क्यानिशी मान्य केलं, याहून मोठा गौरव बाईंच्या साठीनिमित्त निघणारा हा अंकही करू शकणार नाही. बाईंनी उत्तर दिलं: 'वाघीण कुठे आहे, हे मी गावाला सांगितलेलं नाही. कुठे जाऊ नये, एवढंच सांगितलं. साहेबांनाही तेच सांगायला तयार आहे.'

बदली झाली. जिवतीच्या गोदामात, तार आणि खिळे सांभाळायला. कक्षात नवं अ‍ॅप आलं, त्यातून छान गोड आवाजात इशारे जाऊ लागले, आणि गावं ते ऐकून फोन ठेवू लागली. चैतीबाईंनी तर थेट कार्यालयात फोन केला. "हे कोन बोलून राह्यली? आमची बाई कुठी आहे? तिच्या तोंडून सांगा, तवा आयकू." दुसऱ्या गावांनीही तेच धरलं. पुढच्या मोहाआधी बाई परत खुर्चीवर होत्या. त्यांनी माफी मागितली नाही. त्यांची कोणी मागितली, असंही ऐकिवात नाही. आल्या त्या दिवशी चैतीबाईंकडून मोहाचे लाडू आले. बाईंनी ते शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना वाटले. साहेबांना दोन दिले.

बाई निवृत्त झाल्या, आणि आता त्यांनी साठी गाठली. हा अंक काढणाऱ्या समितीने त्यांचा सध्याचा पत्ता, फोन, जन्मतारीख आणि घराचा फोटो मागितला. निरोप घेऊन मी गेलो. बाई म्हणाल्या, "साठी झाली, येवढं पुरे नाई का भाऊ? पत्ता कायले पायजे?" म्हणून इथे तो नाही. गावाचं आणि नाल्याचं नावही नाही. ते तर त्यांनी मलाही सांगितलेलं नाही.

रत्नमालाबाईंना उदंड, निरोगी आणि असंच कोणाला न जुमानणारं आयुष्य लाभो. त्या कुठे राहतात ते मला ठाऊक आहे. चहा अजून तसाच होतो. हौसेने विचारणाऱ्यांनी विचारू नये. ज्या गावांना गरज पडेल, त्यांच्याकडे नंबर आहे.