एकात एक दोन खुर्च्या
पांढऱ्या रश्श्याचा वास आला की मला कागलचं ते जेवण आठवतं. वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर मी पहिल्यांदाच सासरी जेवायला गेलो होतो. पूर्वी माझ्याखाली एक खुर्ची मोडलेली, म्हणून मेहुण्यानं नेहमीसारख्या एकात एक घातलेल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. वाटीभर रश्श्यातच माझं इवलंसं झालेलं पोट भरलं. सासूबाई पातेलं घेऊन हजर! “पावणं, एवढ्यावरच उठताय व्हय? रस्सा बिघडलाय की काय?” आग्रहाला मी तोवर कधी नाही म्हटलं नव्हतं, ऑपरेशनची पाळी त्यापायीच आलेली. पण त्या दिवशी मी उठलो आणि वरची खुर्ची काढून त्यांच्यापुढे ठेवली. “मामी, रस्सा झकास हाय. पण मला आता एक वाटी पुरते, आणि एकच खुर्ची. तुम्ही बसा.” मग श्वास रोखून खालच्या खुर्चीवर टेकलो. ती साधी करकरलीसुद्धा नाही! सासूबाई पातेलं खाली ठेवून खळखळून हसल्या. अजूनही मी वाटी छोटीच घेतो, पण बसतो मात्र ऐसपैस.