एका ओढीत सगळं मोकळं

आळीत त्याला सगळे आभाळ्या म्हणत. फौजेच्या माल वाहणाऱ्या विमानांच्या तुकडीत त्यानं उभी हयात काढली. पण विमान चालवायला नव्हे. माल चढवायला, बांधायला आणि वरून ढकलायला. हे कुणी विचारलंच, तर त्याला नेमकं त्या वेळी ऐकू येत नसे.

तुकडीचा इतिहास मात्र आळीतल्या कुत्र्यांनाही पाठ होता. दुसऱ्यांनी मोडीत काढलेल्या विमानांवर ती उभी राहिली. लढाईत तिनं दारूगोळा नेला, परतीला जखमी आणले. खेचरंही चढत नाहीत अशा बर्फातल्या ठाण्यांवर पीठ, मीठ, रॉकेल टाकलं. पुरानं वेढलेली गावं जगवली. हे सगळं खरंच. पण आभाळ्याच्या तोंडून ऐकताना वाटे, विमानं नुसती शोभेला होती, माल हा पठ्ठ्या खांद्यावरूनच नेत होता. बदल्या झालेल्या साहेबांचे सोफे आणि आरसेही त्याच विमानांतून उडाले, तेवढं तो गाळायचा.

"आम्ही नसतो तर बर्फातल्या ठाण्यांवरची ती पोरं उपाशी मेली असती," चहा फुरकत तो म्हणे.

"आणि मी नसते तर तुम्ही," आतून बायको म्हणे.

तिचंही खोटं नव्हतं. त्याचं पेन्शन दोस्तांच्या चहात विरघळे. चूल पेटे ती तिच्या शिलाई मशीनवर. टेकडीवरच्या घरात बिऱ्हाड हलवायचं ठरलं, तेव्हा तिचा जीव त्या मशीनपाशीच अडकला.

"टेम्पोवाल्याला बांधू द्या. त्याचं रोजचं काम आहे."

आभाळ्याला ठसकाच लागला. "टेम्पोवाला? अगं, मी बर्फावर माल टाकलाय!"

तेच तर तिचं दुखणं होतं. मशीनचं डोकं तिनं खोलून जाड गोधडीत गुंडाळलं आणि मांडीवर घ्यायला निघाली, तर यानं तेही हिसकावून टेम्पोत मागे ठेवलं.

सामानाखाली त्यानं लाकडी रूळ घातले, त्यामुळे कपाटसुद्धा लोण्यासारखं आत सरकलं. मशीन सगळ्यांत शेवटी, मागच्या काठाला. सगळे दोर एका गाठीत आणले. मागची फळीही खालीच सोडली.

टेम्पोवाल्यानं डोकं खाजवलं. "काका, गाठ सैल वाटते."

"सैल नाही, सुटसुटीत. एका ओढीत सगळं मोकळं!"

"पण वाटेत मोकळं करायचंय कशाला?"

याचं उत्तर तुकडीच्या इतिहासात नव्हतं. आभाळ्या दोराचं टोक मुठीत धरून मागे ऐटीत बसला. बायको पुढे, ड्रायव्हरशेजारी.

टेकडीचा चढ लागला. टेम्पोचं नाक वर झालं. वळणावर ड्रायव्हरनं भोंगा वाजवला.

विमानाचं नाक वर झालं, घंटा वाजली, की दोर ओढायचा. आभाळ्याच्या हाताला जन्मभर एवढंच शिकवलं होतं. हातानं डोक्याला विचारलंच नाही. आधी मशीन गेलं, मागोमाग खाट, कपाट, भांडी. आणि बाजूच्या दांडीला लोंबकळत हा गडी खणखणीत ओरडला, "माल गेला!"

बायको उतरली. मशीनच्या बिडाच्या पायांचे दोन तुकडे झाले होते. गोधडीतलं डोकं तेवढं शाबूत होतं. तिनं ते उचलून छातीशी धरलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"निशाणा बरोबर लागला ना?"

"सवयीनं झालं गं..."

"बर्फातल्या त्या पोरांचे हाल देव जाणे."

नव्या घरात तिनं ते डोकं टेबलावर ठोकून बसवलं. पाय नाहीत, तेव्हा चाकाला हातानं फिरवायची मूठ लावली आणि मुठीशी नवऱ्याला. आता दिवसभर तो चाक फिरवतो, ती शिवते. मापं द्यायला कुणी आलं, की तो घसा खाकरतो.

"आमची तुकडी जेव्हा पहिल्यांदा..."

"बाही चाललीय," ती मान वर न करता म्हणते. "हळू फिरवा."

तो हळू फिरवतो.