पेन्सिलने लिहिलेल्या वह्या

दीदी पेनाने लिहीत नसे. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी होती, आणि वर्ष संपलं की तिच्या वह्या खोडून मला मिळायच्या. म्हणून पेन्सिल, तीही हलक्या हाताने. ती लिहायला बसली की दाई, म्हणजे आमची आई, बिड्या वळता वळता सांगायची, "दबा के झन लिख, छोटकी ल घलो लिखना हे." दाबून लिहू नको, धाकटीलाही लिहायचं आहे.

आम्ही छत्तीसगढकडचे. मी चार वर्षांची असताना वडील आम्हाला घेऊन गोंदियात आले. त्यांना आम्ही ददा म्हणायचो. राइस मिलमध्ये पोती उचलायचं काम मिळालं, गावाला लागून असलेल्या कुडव्यात एक खोली मिळाली. मिलमधून तुटका तांदूळ, कनकी, स्वस्तात यायची. दोन्ही वेळा तिचाच भात, आणि उरलेला रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी मीठ-कांद्याबरोबर. वेगळं काही खातात हे आम्हाला शाळेतल्या मुलींच्या डब्यांवरून कळलं.

मे महिन्यात ददांच्या सुट्टीच्या दिवशी वह्या खोडायचं काम निघायचं. चौघं खाली बसायचो. ददांना मराठी नीट येत नव्हती. खोडण्याआधी ते प्रत्येक ओळ बोट ठेवून मोठ्याने वाचायचे. 'फळा' म्हणायचं तर 'फला' म्हणायचे.

"ददा, जीभ मागे वळवा," दीदी सांगायची.

ते जीभ वळवायचे आणि पुन्हा 'फला' म्हणायचे. दाई तोंडाला पदर लावून हसायची. ददा मराठी वाचायला शिकले ते असे, तिच्या वह्यांतून.

दीदी नववीत असताना तिचे गुडघे आणि पाठ दुखायला लागली. थंडी पडली की ती कण्हत पडून राहायची. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा सिकलसेल हा रक्ताचा आजार निघाला. दाई कपड्यात गरम वाळू बांधून तिचे गुडघे शेकायची. ददा मिलमधून आले की तिला सायकलवर मागे बसवून, सायकल ढकलत दवाखान्यात न्यायचे, मी मागून तिची पाठ धरून चालायचे. जरा बरं वाटलं की ती पुन्हा लिहायला बसायची. ती दहावीत गेल्यावर मी म्हटलं, "आता पेनाने लिही ना, तुझी दहावी आहे." ती म्हणाली, "मग तू कशात लिहिशील?"

दहावीच्या हिवाळ्यात तिची छाती दुखायला लागली. चार दिवस दवाखान्यात होती. चौथ्या दिवशी दुपारी दाई तिच्यासाठी भात आणायला घरी गेली होती. मी उशाशी होते, ददा पायाशी. दीदीने पाणी मागितलं, दोन घोट घेतले, आणि मग तिचा श्वास थांबला. दाई डबा घेऊन आली तेव्हा दारातच ददांनी तिचा हात धरला. दाईने डबा खाली ठेवला नाही. घरी परत जाईपर्यंत तो तिच्या हातातच होता.

जूनमध्ये माझी शाळा सुरू होणार होती. एका दुपारी दाईने वह्यांचा गठ्ठा काढला आणि खोडरबर माझ्यापुढे ठेवला. ददांनी वही उघडली, सवयीने एक ओळ वाचली आणि थांबले. दाईने त्यांच्या हातून वही घेतली. तिने एक शब्द खोडला. मग रबर ठेवलं. एरवी रबराची जी चुरी आम्ही फुंकर मारून उडवायचो, ती तिने बोटाने गोळा करून पदराच्या टोकात बांधली.

"नवीन आणू," ददा म्हणाले.

"नको," मी म्हटलं. "मी वरून पेनाने लिहीन."

आणि तसंच लिहिलं. खाली तिची पेन्सिल, वर माझी निळी शाई. शाळेत सरांनी वही उचलून विचारलं, "काय गिजबिज करून राहिली व पोरी? घरी कोरी वही नाही का?" मी सांगितलं. त्यांनी बरोबरची खूण करून वही परत दिली. पुढे वर्षभर त्यांनी त्याबद्दल विचारलं नाही.

संध्याकाळी मी अभ्यासाला बसले की दाई बिड्यांचं सूप घेऊन शेजारी येऊन बसायची. तिला वाचता येत नव्हतं. "यातलं तिचं कोणतं?" ती विचारायची. मी तिचं बोट धरून फिकट अक्षरांवर ठेवायचे. ददाही मग जवळ सरकायचे. खोली इतकी लहान होती की लांब बसायला जागाच नव्हती, पण त्या वर्षी जागा असती तरी आम्ही बसलो नसतो.

पुढे एका पावसाळ्यात त्या वह्यांना वाळवी लागली. मला नोकरी मिळाली, कुडव्यातच तीन खोल्यांचं घर झालं. ददा त्यात दोन वर्षं राहिले आणि गेले. दाई आणि मी अजून एकाच खोलीत झोपतो.

मागच्या महिन्यात शेजारी नवीन कुटुंब आलं. त्या बाईंनी दाईला विचारलं, "तुमाले लेकरं किती जी?"

मी आत चहा ओतत होते. दाई म्हणाली, "दोन. बडी दहावीत आहे."

मी चहा घेऊन बाहेर गेले आणि दोघींच्या हातात कप दिले.