मौद्याची गाडी

मौद्याच्या त्या बाईंनी तीन भंगारवाल्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. चौथा मी. मला मात्र त्यांनी आत बोलावून चहा दिला, कारण मी भंगारवाल्यासारखा दिसत नव्हतो.

गेलो होतो वडिलांच्या गाडीपायी. वडील जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्यांची जुनी, लांब नाकाची पिकअप नागपूरला आमच्या घरामागे पत्र्याखाली पडून होती. त्या गाडीतून त्यांनी जन्मभर वीटभट्ट्यांना कोराडीच्या वीजकेंद्रातली राख पुरवली. मी निवृत्त झालो आणि मला खूळ लागलं, ती पुन्हा रस्त्यावर आणायची. मिस्त्री खाली शिरला, त्याने स्क्रूड्रायव्हर टोचला, तर तो सरळ आरपार गेला. ओल्या राखेने चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, खाऊन टाकला होता.

"ऊपर कितना भी चमकाओ साहेब, पाय सडले हिचे," तो म्हणाला. "याच मापाची दुसरी गाडी पाहा. तिची चेसिस काढू अन् तुमच्या बाबाची बॉडी तिच्यावर बसवू."

"आणि तिचं बाकीचं?"

"बाकीचं भंगारात."

त्या मापाची गाडी नागपूरजवळच मौद्यात निघाली. बाईंचे यजमान तिच्यातून भाजी वाहायचे. वर्षभरापूर्वी काविळीने गेले. घरात चालवणारं कोणी उरलं नव्हतं. गाडीचे टायर बसले होते, पण काच रोज पुसलेली दिसत होती. बाईंनी भाव केला नाही, फक्त एक विचारलं.

"भाऊ, तोडणार तं नाही ना जी? चालवायसाठीच देऊन राहिली मी. माह्ये लेकरं हिच्यातच शाळेत गेले."

"नाही जी बाई. चालवायसाठीच नेऊन राहिलो," मी म्हणालो. माप घ्यायचा टेप माझ्या खिशात होता. इतकं सफाईदार खोटं मी नोकरीतही कधी बोललो नव्हतो, आणि नोकरी सरकारी होती.

आठ दिवसांत मिस्त्रीने बाईंची गाडी उघडी केली. दार निघालं तेव्हा आतल्या पत्र्यावर खिळ्याने कोरलेला सतराचा पाढा दिसला, तोही मध्येच चुकलेला. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. "काय पाहतोस, काढ पुढचं," मी त्याच्यावर खेकसलो. स्वतःची लाज वाटली की मी नेहमी दुसऱ्यावर ओरडतो; बायको हे मला लग्नापासून सांगत आलेली आहे.

मग मी मनातल्या मनात वकिली सुरू केली. आरटीओच्या लेखी गाडी म्हणजे काय? चेसिसवर ठोकलेला नंबर. तो नंबर बाईंच्याच गाडीचा. म्हणजे ती तुटली कुठे? ती चालतेच आहे, फक्त वर वडिलांची बॉडी आहे. हा युक्तिवाद मी बायकोलाही ऐकवला. "मंग सांगा ना तसं त्यायले," ती म्हणाली. मी चार दिवस तिच्याशी नीट बोललो नाही.

दसऱ्याला बाईंचा फोन आला. पूजा केली का, एक फोटो धाडा. माझ्याकडे फोटो होता. सुटे भाग विकायला ठेवावेत म्हणून तोडायच्या आदल्या दिवशी काढलेला. तोच पाठवला. लगेच पुन्हा फोन. "हार नाही दिसून राहिला, भाऊ?"

"हार काढल्यावर काढला फोटो," मी म्हणालो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, हे खरं आहे. पण फोन उचलून खरं सांगितलं नाही, हेही तितकंच खरं.

पुढच्या उन्हाळ्यात बाई न कळवता बसने आल्या. हातात पिशवी, पिशवीत नारळ आणि लग्नाच्या पत्रिका.

"पयली पत्रिका देवाले देली, दुसरी आमच्या गाडीले," त्या हसत म्हणाल्या. "पोरीचं लगन हाय. तिची लय इच्छा हाय, बापाच्याच गाडीत सासरी जावं. एक दिवस आणसान ना? नारळ तुमीच फोडा तिच्यापुढं. कोठं हाय?"

मी त्यांना घरामागे नेलं. दुसरं काय करणार होतो? वडिलांची पिकअप नव्या रंगात झगझगत उभी होती. बाई तिला वळसा घालून मागे जाऊन पाहून आल्या.

"हे तं जुनी हाय बाप्पा. आमची?"

"खाली," मी म्हणालो. "खालची चेसिस तुमचीच आहे."

पदर सावरून त्या वाकल्या. काळ्या रंगाने माखलेल्या त्या दोन लोखंडी पट्ट्यांना त्यांनी बोट लावलं.

"एवढीच?"

मग मी सगळं सांगितलं. टेप, भंगार, फोटो, सगळं. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी नारळ पिशवीत परत ठेवला, पत्रिका दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली, आणि फाटकाशी पोचल्यावर वळून म्हणाल्या, "माह्या पोरीले सांगू नोका. बाहेरगावी गेली गाडी, असं सांगजा. लग्नाले या मात्र."

मी बसने गेलो. पिकअप न्यायची छाती झाली नाही. मांडवात एका कडेला बसून राहिलो. जेवायला उठलो नाही, तर बाई स्वतः ताट घेऊन आल्या, म्हणून जेवलो. पाठवणीच्या वेळी भाड्याची पांढरी कार दारात लागली. गाडी नेताना नवरीने मला पाहिलं होतं; तिने ओळखलं आणि रडता रडता जवळ आली.

"काका, आमची गाडी नाही आणली?"

"रामटेकले गेली बाई, भाड्यावर," मी म्हणालो.

"बरी चालून राहिली ना?"

"मस्त."

"मंग दिवाळीले मी माहेरी येईन तवा आणजा. मले एक चक्कर मारायची हाय तिच्यात."

तिची आई शेजारीच उभी होती. तिने लेकीच्या डोक्यावरचा पदर नीट केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणतीन ना वं. काहून नाही आणणार?"